व्याजाचा तोंडी हिशेब

गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ताई, आम्हाला काय येतंय, आम्ही अडाणी." मग प्रशिक्षण म्हटलं की शहरातून कुणीतरी यायचं आणि आपण ऐकून घ्यायचं. आज मी तुम्हाला याच्या उलट घडलेली हकिगत सांगणार आहे.

आपल्या भोरला लागूनच सातारा जिल्हा. त्यात दुष्काळी माण तालुका आणि तिथलं म्हसवड गाव. चेतना गाला सिन्हा तिथे बायकांबरोबर काम करत होत्या. रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्याआधी घरावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. पण एवढ्या लहान रकमेसाठी बँक खातं उघडून देईना. मग बायकांनी ठरवलं, आपलीच बँक काढू.

रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. अर्जदारांमध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका होत्या, हे कारण. बायकांनी गावात साक्षरतेचे वर्ग सुरू केले. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. आमच्या लहानपणी शाळाच नव्हती, त्यात आमचा काय दोष, असं त्यांनी विचारलं. कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला विचारा, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता तेच करू द्या, मग बघा कोण आधी सांगतं, असंही त्या म्हणाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे २००६ मध्ये बायकांसाठी व्यवसाय शिक्षणाची शाळा निघाली आणि २००८ मध्ये त्यांचा रेडिओही.

अक्षरं त्या नव्याने शिकल्या, पण हिशेब त्यांना बाजाराने आधीच शिकवला होता. तेही शिक्षणच होतं, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नव्हतं.

आपली गटाची चळवळही अशीच वाढली. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग केला. २०११ पासून महाराष्ट्रात 'उमेद' आलं. त्यात जुन्या गटातली अनुभवी बाई सीआरपी म्हणून नव्या गावात जाते आणि स्वतःचं सांगून गट उभा करते. तीच शिक्षिका, तिचा अनुभव हाच धडा.

भोर-वेल्ह्यात आपलं अडतं ते पुढे. गटाच्या वहीत हजेरी, बचत, कर्ज, हप्ता सगळं असतं. पण पापडाचा पहिला घाणा का फसला, तांदूळ कुणाला विकल्यावर पैसे वेळेवर मिळाले, शेळी आजारी पडली तेव्हा काय केलं, हे कुठेच नसतं. लेखनिक मुलगी लग्न होऊन सासरी गेली की ते शहाणपणही तिच्याबरोबर जातं. नवी बाई तीच चूक पुन्हा करते आणि पैसे गटाचे जातात.

म्हणून या महिन्यापासून वहीची शेवटची पानं 'आम्ही काय शिकलो' यासाठी ठेवा. दर बैठकीला दोन ओळी पुरेत. जिला लिहिता येत नाही तिने मोबाईलमध्ये बोलून ठेवावं. ग्रामसंघाच्या सभेला वही घेऊन या, आणि एका गटाचं पान दुसऱ्या गटाने मोठ्याने वाचावं. आवणीच्या दिवसांत बैठक लांबली तरी चालेल, पण ते पान कोरं ठेवू नका.