बंब मोडीत निघाला तेव्हा

‘मोडीत काढलं’ असं आपण हल्ली माणसालाही म्हणतो, पण शब्द आहे भांड्यांचा. चेपलेलं, फुटलेलं तांब्या-पितळेचं भांडं कासाराकडे नेलं की तो वजन करायचा, घट धरायचा आणि मोडीच्या भावाने पैसे द्यायचा, नाहीतर तेवढे वळते करून नवं भांडं. नवं घेताना धातूचा भाव आणि वर घडणावळ. मोडताना घडणावळ बुडाली, धातू तेवढा उरला.

आपल्या आज्या-पणज्यांच्या नावावर बहुधा जमीन नसायची, बँकेत खातं तर नाहीच. पण लग्नात आलेल्या घागरी-कळशीवर, परातीवर त्यांचं नाव घातलेलं असायचं. घरात बाईचं नाव लिहिलेली जागा एवढीच. अडीनडीला हीच परात गहाण पडायची, नाहीतर मोडीत जायची.

तांब्याची किंमत सरकारलाही कळली होती. दुसऱ्या महायुद्धात तांबं काडतुसांना लागायचं, म्हणून १९४३ साली मधोमध भोक असलेला पैसा निघाला. भोकाएवढा धातू वाचवला! आपल्यापैकी काहींनी तो आजीच्या डब्यात पाहिला असेल.

आता बंबाचं बघा. मधून उभी नळी, खाली जाळीवर निखारे, भोवती पाणी, खाली पितळी तोटी. आजचा गीझर करतो तेच काम, फक्त सारं अंग तांब्याचं. स्टील आलं, कल्हई नको झाली. मग गॅस आला, वीज आली. बंब माळ्यावर गेला आणि माळ्यावरून भंगारात. आमच्या गटांतल्या म्हाताऱ्या बायका सांगतात, बंब नेला घरातल्या पुरुषांनी, पैशाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. वास्तविक १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईच्या मालमत्तेवर तिचाच पूर्ण हक्क मानला, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट सांगितलं की स्त्रीधन बाईचंच, लग्न झालं म्हणून ते सासरचं होत नाही. कायदा होता, माळ्यापर्यंत तो पोचला नव्हता.

आज आपल्या दारातून फ्रीज, मिक्सर, कूलर, पाण्याची मोटर जाते. मोडीत आणि यात मोठा फरक आहे. परात दिसते तीच असते. मिक्सरच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. भंगारवाला काटा लावतो लोखंडाच्या भावाने, आणि मोटरीतली तार निघते तांब्याची. अर्थात प्रत्येक वेळी नाही. हल्ली बऱ्याच मोटरींत ॲल्युमिनियमची तार असते, वरून तांबूस लेप. थोडं खरवडलं की आत पांढरी दिसते. लोहचुंबक चिकटला तर लोखंड. तांब्याला, पितळेला, ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही. आपल्याला एवढी परीक्षा पुरे.

पण फ्रीज घरी फोडू नये, हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. जुन्या फ्रीजमधला गॅस वरच्या ओझोनच्या थराला खातो, नव्या बऱ्याच फ्रीजमधला पेट घेतो. तारा जाळून तांबं काढणं तर त्याहून वाईट. वरच्या प्लॅस्टिकचा धूर विषारी, आणि शेजारी पोरं खेळत असतात. म्हणूनच ई-कचऱ्याचे नियम आले, पहिले २०१२ पासून लागू झाले, नवे एप्रिल २०२३ पासून. जुनी वस्तू परत गोळा होऊन तिची नीट विल्हेवाट लागावी याची जबाबदारी त्यांनी बनवणाऱ्या कंपनीवर टाकली. खेड्यापर्यंत ती गाडी क्वचित येते, ही रड वेगळी.

हा धंदा सगळा पुरुषांचाच, असंही नाही. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली. डॉ. बाबा आढाव त्यांच्या सोबत होते, आणि सभासदांत बहुसंख्य बायका. पुढे महापालिकेने त्यांची ओळखपत्रं मान्य केली. काट्यावर काय चढतं आणि कोणत्या भावाने, हे या बायकांना पाठ असतं.

आणि बंब? जे वितळले नाहीत ते शहरात जुन्या वस्तूंच्या दुकानांत मांडलेले दिसतात. तिथे त्यांची किंमत किलोवर नसते, नगावर असते. काहींवर नाव अजून वाचता येतं.