मोकळ्या प्लॉटची दुपार

हा घटनाक्रम कोणत्याही एका तारखेचा नाही, मी रचलेला आहे. प्लॉट मात्र नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या कोणत्याही गल्लीत सापडेल.

सकाळी ७. ३० बाय ५० चा प्लॉट, तिन्ही बाजूंना घरं. जुलैत इथे तरोटा आणि गाजरगवत हिरवंगार होतं, दोन मजुरांचं एका दिवसाचं काम. आता मे उजाडलाय आणि सगळं कंबरभर वाळलंय. प्लॉटचं आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं रिलीज लेटर, झालंय; मालकीचाही वाद नाही. मालक पुण्यात, आणि कागदावरचा पत्ता वारलेल्या वडिलांचा.

सकाळी १०. शेजारच्या घरातून कूलरमधली जुनी खस प्लॉटवर येऊन पडते. नवी भरली, जुनी टाकायची कुठे? अशी चार घरांची खस तिथे साचलीय.

सकाळी ११. कायदा काय म्हणतो? वाढलेलं रान काढ, कुंपण घाल, असं महापालिका मालकाला सांगू शकते. नाही ऐकलं तर स्वतः काढून खर्च वसूल करू शकते. पण हे सारं अस्वच्छता आणि उपद्रवाच्या खात्यातलं. पावसाळ्यात डासांपायी नोटिसा निघतात, मेमध्ये डास कमी असतात. लॉस एंजेलिसात आगीचा जास्त धोका असलेल्या भागांत मोकळ्या जमिनीच्या मालकालाही इमारतीभोवती २०० फुटांपर्यंत रान आवरावं लागतं, जवळच्या १०० फुटांत गवत ३ इंचांवर. आपल्याकडे १०० फूट मोजायला निघालो तर मधे तीन घरं लागतील. (तिथेही ७ जानेवारी २०२५ ला लागलेल्या पॅलिसेड्सच्या आगीत हजारो इमारती गेल्याच.)

दुपारी १२.३०. नागपूरचा विक्रम ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. आज तेवढं नाही, पण हवा कोरडी ठाक आहे. लाकडाच्या ओंडक्याला वाळायला महिने लागतात. गवताच्या काडीला तासभर पुरतो.

दुपारी १.५०. "काकू, हे जाळूनच टाकतो. साप निघते इथून."
"एवढ्या उन्हात? सकाळी पाहू नं."
"पाच मिनिटाचं काम आहे, काकू."
उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, हे हरित लवादानं २०१६ मध्येच सांगितलंय. आगपेटी दोन रुपयांची.

दुपारी २.०५. रान पेटलेलं असतानाच वावटळ येते. पेटती खस उडते.

दुपारी २.०८. ती शेजारच्या गच्चीवर उन्हासाठी बांधलेल्या हिरव्या नेटला चिकटते. नेट वितळून थेंबाथेंबानं खाली गळते, खाली स्कूटर आहे. नळ सकाळीच येऊन गेला, बादल्या रिकाम्या.

दुपारी २.११. कोणीतरी १०१ लावतो. अग्निशमन केंद्र सक्करदऱ्यातच आहे, अंतराचा प्रश्न नाही. गल्लीत दोन्ही बाजूंना कार उभ्या आहेत, त्यांचे मालक आत कूलरपुढे झोपलेत.

दुपारी २.१४. नेट पेटलेल्या घराच्या मागच्या खोलीत आजोबा जेवून आडवे झालेत. कूलर खिडकीत, पाठ प्लॉटकडे. तो बाहेरची हवा आत ओढतो, तेच त्याचं काम. आता धूर ओढतोय. आवाज एवढा की बाहेरची आरडाओरड आत पोचत नाही.

दुपारी २.२६. कार ढकलून अग्निशमनाची गाडी आत येते.

दुपारी २.४०. रुग्णवाहिका मेडिकल रुग्णालयाकडे वळते. सून अनवाणीच मागे बसलीय.

संध्याकाळी ६. पुण्यात मोबाइलवर व्हिडिओ पोचतो. मालक लगेच फोन लावतो.
"प्लॉटला तर काही झालं नाही नं?"