चार पायांचा जमाखर्च

मराठी माणसाची बैठक पिढीगणिक जमिनीपासून वर चढत आली आहे. आजोबा पाटावर बसून जेवले. पाटाची उंची फार तर दोन इंच. वडील टेबलखुर्चीवर आले, म्हणजे अठरा इंच. आणि आमचे चिरंजीव स्वयंपाकघरात ओट्याला लागून बारस्टुलावर नाश्ता करतात, ते थेट चोवीस इंचांवर. ठेवीवर असले व्याज कुठलीच बँक देत नाही, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो.

'बारस्टूल' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला तेव्हा आईने त्यातला 'बार' तेवढा ऐकला. तिची समजूत घालण्यात एक अख्खा रविवार गेला.

वास्तविक उंच स्टुलावर जुना हक्क आम्हा कारकुनांचा. एकोणिसाव्या शतकातल्या विलायतेत कारकून मंडळी उंच, उतरत्या मेजापाशी उंच स्टुलावर बसून खतावण्या लिहीत. डिकन्सने 1843 साली नाताळची जी प्रसिद्ध गोष्ट लिहिली, तिच्यातला बॉब क्रॅचिट हा असाच एक स्टुलावरचा कारकून. साहेबाला खुर्ची, कारकुनाला स्टूल! त्या स्टुलावरून खुर्चीत जायला मिळावे म्हणून कारकुनांच्या कितीतरी पिढ्या झिजल्या, आणि मी मात्र पदरचे पैसे मोजून घरी स्टुलावर बसतो. तेही सुट्टीच्या दिवशी!

असो. आमची स्टुले आली ती स्टुलासारखी आलीच नाहीत. एक चपटे खोके आले. इतके चपटे की मी ते उघडायच्या आधी पलंगाखाली सरकवून पाहिले, सहज गेले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, यात दोन स्टुलं आहेत." ब्रह्मांड पाहिलेल्या यशोदेची अवस्था मला त्या क्षणी कळली.

खोके चपटे करण्याच्या या विद्येत मोठे नाव मिखाएल टोनेट याचे. हा ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावचा सुतार, जन्म 1796 चा. 1842 साली तो व्हिएन्नाला गेला. बीच झाडाच्या लाकडाच्या कांबी वाफेवर मऊ करायच्या, लोखंडी साच्यात वाकवायच्या आणि तशाच वाळू द्यायच्या, ही त्याची हातोटी. 1856 साली त्याला तिचे पेटंट मिळाले, आणि 1859 साली त्याची 14 नंबरची खुर्ची बाजारात आली. लाकडाचे तुकडे सहा, स्क्रू दहा, नट दोन. संपली खुर्ची! सरस नाही, खाचा नाहीत. एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशा पेटीत सुट्या केलेल्या 36 खुर्च्या मावत. खुर्चीत लाकूड थोडे आणि हवा फार. त्या हवेचे जहाजभाडे भरायला टोनेट तयार नव्हता. सुतार असून त्याचे डोके पक्के कॉमर्सचे होते. 1930 पर्यंत या एका खुर्चीचे सुमारे पाच कोटी नग खपले. 1869 साली पेटंट संपल्यावर इतरांनीही तसल्या खुर्च्या काढल्या. मुंबईच्या इराण्याकडे ज्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीवर बसून आपण ब्रूनमस्का खाल्ला, ती याच घराण्यातली.

पण एक फरक लक्षात घ्या. इराण्याकडे चहा प्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला "आधी खुर्ची जोडा" असे कोणी म्हटले नाही. ती पाळी आपल्यावर आणली स्वीडनने. इकिआ ही तिथली 1943 सालची कंपनी. 1956 साली तिथल्या गिलिस लुंडग्रेन या नोकराला पानाच्या आकाराचे एक टेबल मोटारीत घालायचे होते. ते मावेना, म्हणून त्याने पाय काढले. टेबलाचे. तेव्हापासून कंपनीने सुट्या भागांचा धंदा मन लावून केला, आणि 2018 साली हैदराबादला, 2020 साली नवी मुंबईला दुकान थाटले. आमची स्टुले दुसऱ्याच एका कंपनीची, पण विद्या तीच.

आता हिशेब पाहू. पूर्वी सुतार घरी येई. कानावर पेन्सिल, दोन वेळचा चहा, आणि "आठवड्यात देतो" म्हणून दोन महिने. पण पाय डुगडुगला तर निरोप धाडावा आणि त्याने येऊन पाचर मारावी. आता सुताराची मजुरी वजा झाली म्हणून वस्तू स्वस्त. ती मजुरी गेली कुठे? जमाखर्चात रक्कम नाहीशी होत नाही, दुसऱ्या खात्यावर जाते. ती आमच्या खात्यावर आली: रविवार सकाळ नऊ ते दुपार एक. खोक्यातल्या कागदावर एक अक्षर नव्हते, नुसती चित्रे. चित्रातला माणूस एकटाच स्टूल जोडतो आणि हसतो. आमच्याकडे चौघे होतो आणि कोणी हसत नव्हते, कारण एका पायाची भोके कंपनीने पाव इंच वर पाडली होती.

तरी जोडून झाल्यावर स्टूल सुंदर दिसले. यालाही शास्त्र आहे. 2012 साली नॉर्टन, मोचोन आणि एरिअली या तिघा संशोधकांनी दाखवून दिले, की स्वतः जोडलेल्या वस्तूची किंमत माणूस जास्त लावतो. अट एकच, काम तडीस गेले पाहिजे. मला हे नवीन नव्हते. स्वतः जुळवलेला ताळेबंद कुठल्याही कारकुनाला रविवर्म्याच्या चित्राहून देखणा वाटतो.

अडचण निघाली ती आईची. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पण अजून पाटावर बसून विळीवर भाजी चिरते. गुडघे गेले आहेत ते आमचे. पूर्वी सकाळी चहाच्या वेळी आम्ही तिच्या आसपास कुठेतरी टेकत असू. कोणाला ताप आहे, कोणाचा पेपर अवघड गेला, हे तिला न सांगता कळे. स्टुले आल्यापासून आम्ही ओट्याशी चोवीस इंचांवर, आणि सगळे मोबाइलकडे बघत. आठवड्याने आई विळीवरून मान वर न करता म्हणाली, "हल्ली मला तुमचे पाय तेवढे दिसतात रे. तोंडं दिसत नाहीत."

कोणी काही बोलले नाही. चिरंजीवांनी मात्र ड्रॉवरमधून ती वाकडी षट्कोनी किल्ली काढली, एका स्टुलाचे चारही पाय उतरवले आणि गोल बैठक आजीपुढे ठेवली. "आजी, तुला नवा पाट."

आईने बोटाने ठोकून पाहिले. म्हणाली, "मला माझा आहे. यावर तू बस."

तो बसला. सुट्या भागांचा हा एक फायदा मात्र सुताराच्या स्टुलात नव्हता, हे मान्य केले पाहिजे. दुसरे स्टूल सध्या माळ्यावरची बरणी काढायला आणि पंखा पुसायला वापरतो. त्या कामाला त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही.