वायफाय आणि न सापडलेली कृष्णविवरे

वर्गात चित्रफीत दाखवायची असते, फोनवर वायफायच्या रेघा भरलेल्या दिसतात, आणि चित्र मात्र अडकून बसते. मग आम्हीही सर्वांसारखाच फोन बंद करून पुन्हा चालू करतो. कधी कधी तो नुसता वीतभर सरकवला तरी काम होते. असे का व्हावे?

रेघा लहरींचे बळ सांगतात, स्पष्टता नाही. २.४ गिगाहर्ट्झ वारंवारितेच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. भिंती, छत, लोखंडी कपाट यांवरून परावर्तित होत ती अनेक वाटांनी फोनपर्यंत येते. एका वाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडला की संदेश क्षीण होतो. काही सेंटिमीटर सरकले की पुन्हा प्रबळ. शिवाय उशीर आहेच. १५ मीटर जास्त फिरून आलेली लहर ५० नॅनोसेकंद मागे पडते. सेकंदाला ५ कोटी बिट एकामागून एक पाठवले, तर प्रत्येक बिटाच्या वाट्याला २० नॅनोसेकंदच येतात. म्हणजे आधीच्या बिटाचा प्रतिध्वनी पुढच्या बिटांवर आदळणार. रिकाम्या सभागृहात भराभर बोलणाऱ्या वक्त्याचे शब्द असेच एकमेकांत मिसळतात.

आता थोडे आकाशाकडे वळू. लहान कृष्णविवरांचा अखेर स्फोट होईल, असे स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ साली मांडले. त्या स्फोटाचा रेडिओ स्पंद शोधण्याचा प्रयत्न जॉन ओ'सलिव्हन व सहकाऱ्यांनी केला. ताऱ्यांमधल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारितेच्या लहरी मागे रेंगाळतात आणि तीक्ष्ण स्पंद फिसकटतो; तो गणिताने पुन्हा जुळवायचा होता. १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्पंद सापडला नव्हता.

फिसकटलेले संदेश हाताळण्याची सवय मात्र राहिली. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेत ओ'सलिव्हन यांच्या गटाने खोलीतल्या प्रतिध्वनींचा प्रश्न हाती घेतला आणि १९९२ साली पेटंटसाठी अर्ज केला. उपाय असा: एक वेगवान प्रवाह अनेक संथ प्रवाहांत वाटायचा आणि प्रत्येक वेगळ्या वारंवारितेवर सोडायचा. ही वाटणी त्यांनीच प्रथम सुचवली असे नव्हे. बेल प्रयोगशाळेत १९६० च्या दशकातच तिचा विचार झाला होता. त्यामुळे 'वायफायचा जनक' ही पदवी आम्हाला जरा घाईची वाटते. पण खोलीतल्या वेगवान संदेशवहनासाठी सर्व धागे एकत्र विणणे, हे मोठेच काम.

१९९९ च्या ८०२.११ए या मानकात असे ५२ प्रवाह आहेत. प्रत्येक चिन्ह ४ मायक्रोसेकंद टिकते, आणि त्यातले ०.८ मायक्रोसेकंद केवळ प्रतिध्वनी विरण्यासाठी राखलेले असतात. तेवढ्यात लहर २४० मीटर जाते. आपला वर्ग तर दहा मीटरचाही नसतो!