दोघांचं एक नाव : रॉक्सेटची गोष्ट

आजच्या भागात आपण स्वीडन देशातल्या एका गाणाऱ्या जोडीची गोष्ट ऐकणार आहोत. जोडीचं नाव रॉक्सेट. त्यात एक बाई, मारी फ्रेड्रिक्सन, आणि एक पुरुष, पेर गेसले. हे दोघं नवरा-बायको नव्हते, बहीण-भाऊही नव्हते. एका कामातले दोन भागीदार होते. १९८६ ते २०१६ अशी तीस वर्षं दोघांनी एकाच नावाखाली गाणी रेकॉर्ड केली. मधली काही वर्षं मात्र काम थांबलं होतं. का थांबलं, ते पुढे येईलच.

परदेशी गाण्यांची गोष्ट आपल्या कार्यक्रमात कशाला, असं काहीजणी म्हणतील. आम्हाला ती सांगावीशी वाटली, कारण भागीदारीत जे जे प्रश्न उभे राहतात ते सगळे या जोडीपुढे आले. काम कुणी कोणतं करायचं? नाव कुणाचं होतं? पैसा कुणाकडे जातो? आणि भागीदार आजारी पडला तर दुसऱ्यानं काय करायचं?

मारीचा जन्म १९५८ सालचा. स्वीडनच्या दक्षिणेला स्कोने नावाचा शेतीचा प्रांत आहे, तिथल्या एका खेड्यात ती जन्मली. पाच भावंडांत सगळ्यांत धाकटी. घरची शेती विकावी लागली. वडील गावोगाव टपाल वाटायला लागले, आई कारखान्यात कामाला जायची. मारी सात वर्षांची असताना तिची मोठी बहीण मोटार अपघातात गेली. हे दुःख घरात कायमचं राहिलं. पण त्याच घरात गाणंही होतं. सतराव्या वर्षी मारी संगीत शिकायला घराबाहेर पडली आणि पुढे हाल्मस्टाड नावाच्या समुद्रकाठच्या शहरात आली.

पेर त्याच हाल्मस्टाडचा. मारीपेक्षा काही महिन्यांनी लहान. त्याचा स्वतःचा एक बँड होता आणि स्वीडनमध्ये तो खूप गाजला होता. मारी त्या बँडच्या गाण्यांत मागे राहून साथीचा आवाज द्यायची. मग १९८४ साली तिची एकटीची गाणी निघाली आणि लोकांना आवडली. इकडे १९८५ मध्ये पेरचा बँड मोडला. म्हणजे १९८६ साली परिस्थिती अशी होती की बाईचं नाव वर चाललेलं आणि पुरुषाचं काम थांबलेलं.

तेव्हा दोघांनी मिळून इंग्रजीत गाणी करायचं ठरवलं. मारीच्या आजूबाजूच्या लोकांनी तिला सांगितलं की यात पडू नकोस, तुझं एकटीचं चांगलं चाललंय. तिनं दोन्ही केलं. रॉक्सेटमध्ये ती इंग्रजीत गायली आणि स्वतःची स्वीडिश गाणीही तिनं सोडली नाहीत. एकाच टोपलीत सगळं ठेवायचं नाही, हे आपण बचतीबद्दल नेहमी बोलतो. मारीनं ते गाण्याच्या बाबतीत पाळलं.

रॉक्सेटचा पहिला अल्बम १९८६ मध्ये आला. अल्बम म्हणजे दहा-बारा गाण्यांचा संच. तो स्वीडनमध्ये चालला, पण देशाबाहेर कुणी विचारलं नाही. दुसरा अल्बम आला १९८८ मध्ये, त्याचं नाव ‘लुक शार्प’. रेकॉर्ड कंपनीच्या अमेरिकेतल्या ऑफिसानं सांगितलं की ही गाणी आमच्या बाजारात चालणार नाहीत. विषय तिथंच संपायचा.

मैत्रिणींनो, इथं रेडिओ मदतीला आला. एक अमेरिकन विद्यार्थी त्या वर्षी स्वीडनमध्ये शिकत होता. सुट्टीला घरी जाताना त्यानं हा अल्बम बरोबर नेला आणि मिनिआपोलिस शहरातल्या आपल्या रेडिओ केंद्राला दिला. ही गाणी लावा म्हणाला. काही दिवस तो अल्बम तिथं तसाच पडून राहिला. विद्यार्थी परत मागायला आला, तेव्हा केंद्राच्या प्रमुखानं देण्याआधी एकदा ऐकून पाहिला. पहिलंच गाणं ‘द लुक’. त्यानं ते लगेच लावलं आणि ऐकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. मग त्या गाण्याच्या प्रती दुसऱ्या रेडिओ केंद्रांकडे गेल्या. बाजारात रेकॉर्ड नाही, तरी गाणं सगळीकडे वाजतंय, अशी वेळ आली. मग कंपनीलाही ते अमेरिकेत काढावं लागलं. एप्रिल १९८९ मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या नंबरवर पोचलं. कुठलं गाणं किती विकलं जातं आणि रेडिओवर किती वाजतं, यावरून ही यादी तेव्हा दर आठवड्याला लागायची.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘लिसन टू युअर हार्ट’ हे दुसरं गाणं पहिलं आलं. त्याची एक नोंद इतिहासात आहे. त्याआधी पहिल्या नंबरचं प्रत्येक सुटं गाणं छोट्या तबकडीवर विकत मिळायचं. हे गाणं अमेरिकेत तबकडीवर निघालंच नाही, कॅसेटवर निघालं. तसं पहिलं आलेलं ते पहिलंच गाणं. तबकडीचे दिवस संपत आले, हे त्या एका नोंदीवरून कळतं. आपल्यातल्या ज्या चाळिशी-पन्नाशीच्या आहेत, त्यांना पेन्सिल घालून कॅसेटची रीळ गुंडाळलेली आठवत असेल. तो हाच काळ.

तिसऱ्या गाण्याची गोष्ट आणखी वेगळी. १९८७ साली कंपनीच्या जर्मनीतल्या लोकांनी नाताळासाठी एक गाणं मागितलं होतं. पेरनं लिहिलं, मारी गायली, स्वीडनमध्ये ते चाललं, पण ज्या जर्मनीसाठी केलं तिथं ते निघालंच नाही. पुढे हॉलिवूडच्या एका सिनेमासाठी गाणं हवं होतं. नवीन लिहायला वेळ नव्हता. मग हेच जुनं गाणं काढलं, त्यातला नाताळाचा उल्लेख बदलून साध्या हिवाळ्याचा केला, थोडं नव्यानं रेकॉर्ड केलं आणि दिलं. सिनेमा होता ‘प्रिटी वुमन’ आणि गाणं ‘इट मस्ट हॅव बीन लव्ह’. जून १९९० मध्ये तेही अमेरिकेत पहिलं आलं. जुन्या लुगड्याची गोधडी शिवतो, तसंच हे. कापड चांगलं असलं की दुसऱ्या रूपात उपयोगी पडतं. चौथं गाणं ‘जॉयराईड’, मे १९९१ मध्ये पहिलं आलं.

आता कामाच्या वाटणीकडे येऊ. बहुतेक गाणी पेर लिहायचा, चालही तोच बांधायचा. कधी जुना मित्र मदतीला असायचा. मारीनंही काही गाण्यांना चाली दिल्या, पण ती संख्या कमी. गाण्यात जीव ओतायचा तो तिच्या आवाजानं. पेर स्वतः गायचा, त्याचा आवाज साधा, बोलल्यासारखा. वर चढत जाणारं, काळजाला हात घालणारं गाणं असेल तर ते मारीकडे जायचं.

इथं पैशाचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. रेकॉर्ड झालेल्या गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक हक्क शब्द आणि चाल यांचा, तो लिहिणाऱ्याचा. दुसरा त्या रेकॉर्डिंगचा, तो कंपनीचा आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा. अमेरिकेत नेहमीच्या रेडिओ केंद्रावर गाणं वाजलं, तर लिहिणाऱ्याला मोबदला मिळतो. गाणाऱ्याला त्याचे पैसे मिळत नाहीत, तिथला कायदाच तसा आहे. युरोपातल्या बऱ्याच देशांत गाणाऱ्यालाही वाटा असतो. ‘इट मस्ट हॅव बीन लव्ह’ अमेरिकेच्या रेडिओवर लाखो वेळा वाजलं. त्या मोबदल्याचा हक्क कागदावर लिहिणाऱ्याचा होता आणि लोकांच्या कानात राहिला तो मारीचा आवाज.

यात पेरनं काही फसवलं असं आम्ही म्हणत नाही. गाणी त्यानंच लिहिली होती. पण काम मोजायची पद्धत कोण ठरवतं, यावर कुणाचं काम कागदावर दिसेल ते ठरतं. शेतात राबणारी एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे आपण जाणतोच. आपल्या देशातही २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलला. तेव्हा गीतकार-संगीतकारांचा मोबदल्याचा हक्क पक्का झाला आणि गाणाऱ्यांचा हक्कही कायद्यात आला.

कीर्ती मिळाल्यावर दोघं जगभर फिरले. १९९२ मध्ये ‘टुरिझम’ नावाचा अल्बम निघाला. त्यातली गाणी दौऱ्यावर असताना, कधी मंचावर, कधी हॉटेलच्या खोलीत रेकॉर्ड केलेली. १९९३ मध्ये मारीला मुलगी झाली. लेकरू लहान असतानाच पुढच्या अल्बमचं रेकॉर्डिंग झालं आणि १९९४ मध्ये तो निघाला. १९९५ मध्ये त्यांचा कार्यक्रम चीनमध्ये बीजिंगला झाला. पाश्चात्त्य बँडना तेव्हा तिथं क्वचितच परवानगी मिळायची. १९९६ मध्ये त्यांनी आपली हळुवार गाणी स्पॅनिश भाषेत नव्यानं गाऊन अल्बम काढला. त्याच वर्षी मारीला मुलगा झाला. अमेरिकेत तोवर गाण्याची आवड बदलली होती आणि रॉक्सेट मागे पडली होती. युरोपात आणि दक्षिण अमेरिकेत मात्र त्यांचे ऐकणारे टिकून होते. १९९९ आणि २००१ मध्ये आणखी दोन अल्बम आले.

आणि मग ११ सप्टेंबर २००२. मारी घरीच अचानक कोसळली. तपासणीत मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, मग रेडिएशनचे उपचार. जीव वाचला, पण किंमत मोठी होती. उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. उजव्या बाजूच्या हालचालीवर परिणाम झाला. वाचता येईना, आकडे मोजता येईनात. दोन लहान मुलांची आई, वय चव्वेचाळीस.

रॉक्सेट थांबली. या काळात पेर रिकामा बसला नाही. त्यानं एकट्याची गाणी केली, जुन्या बँडला पुन्हा एकत्र आणलं. पण मारीच्या जागी दुसरी गायिका घेऊन त्यानं रॉक्सेट चालवली नाही. तो फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. स्वतःचं काम त्यानं चालू ठेवलं आणि दोघांच्या नावाला हात लावला नाही.

मारी हळूहळू उभी राहिली. नवऱ्याच्या, तो स्वतः संगीतकार, साथीनं तिनं २००४ मध्ये एकटीचा अल्बम काढला. बोलणं-लिहिणं अवघड होतं त्या दिवसांत ती कोळशानं चित्रंही काढायला लागली. २००६ मध्ये रॉक्सेटला वीस वर्षं झाली, तेव्हा दोघांनी दोन नवी गाणी रेकॉर्ड केली. मग २००९ साल उजाडलं. पेरचा अ‍ॅमस्टरडॅम शहरात कार्यक्रम होता. मारी तिथं आली, मंचावर गेली आणि गायली. तिथून पुन्हा सुरुवात झाली. २०११ मध्ये नवा अल्बम, २०१२ मध्ये आणखी एक आणि बरोबर जगभरचे दौरे.

रेडिएशनमुळे झालेली इजा मात्र वाढत गेली. उभं राहणं कठीण झालं, तेव्हा मारी मंचावर खुर्चीत बसून गाऊ लागली. तिनं ते लपवलं नाही. त्यांचा शेवटचा कार्यक्रम फेब्रुवारी २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला झाला. त्यानंतर डॉक्टरांनी दौरे बंद करायला सांगितले. त्याच वर्षी जूनमध्ये ‘गुड कर्मा’ हा दोघांचा शेवटचा अल्बम आला. आपला ‘कर्म’ शब्द इतक्या लांब जाऊन त्यांच्या अल्बमवर बसला! ९ डिसेंबर २०१९ रोजी मारी गेली. वय एकसष्ट. गाठ सापडल्यावर ती सतरा वर्षं जगली आणि त्यातली बरीच वर्षं गात राहिली.

पुढचं एक सांगायला हवं. २०२४ मध्ये पेरनं जाहीर केलं की लेना फिलिप्सन या स्वीडिश गायिकेला बरोबर घेऊन रॉक्सेटची गाणी पुन्हा मंचावर येतील. काही चाहत्यांना ते पटलं, काहींना नाही. गाणी जिवंत राहायला हवीत, असं एक म्हणणं. मारीशिवाय ते नाव लावायचं कशाला, असं दुसरं. आमच्यातही यावर दोन मतं पडली. गाणी लिहिणारा हयात आहे, गाणी त्याची आहेत, हे खरं. आणि ते नाव दोघांच्या कष्टानं झालं, हेही खरं.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला. गटातली एखादी मैत्रीण आजारी पडली, तर आपण तिचं काम आणि तिची जागा किती दिवस राखतो? ती परत आली तर तिला बसून करता येईल असं काम देतो का? आणि आपल्या पापडाच्या पाकिटावर, शिवणकामाच्या बिलावर कुणाकुणाचं नाव असतं?

ज्यांच्याकडे मोबाईल आहे त्यांनी ‘इट मस्ट हॅव बीन लव्ह’ एकदा ऐका. शब्द कळले नाहीत तरी चालेल. खेड्यातल्या टपालवाल्याच्या लेकीचा तो आवाज आहे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.