वाङ्मयचौर्य : विद्यापीठीय विद्यार्थ्यांची समज व दृष्टिकोन

दुसऱ्याचा मजकूर, कल्पना, आकडेवारी किंवा मांडणी श्रेय न देता स्वतःची म्हणून सादर करणे म्हणजे वाङ्मयचौर्य. प्रताधिकारभंगाहून हा दोष वेगळा आहे. प्रताधिकाराची मुदत संपलेल्या ग्रंथातूनही उचलेगिरी होऊ शकते.

विद्यार्थ्यांच्या अप्रामाणिकपणाची पहिली मोठी पाहणी विल्यम बॉवर्स यांनी अमेरिकेतील ९९ महाविद्यालयांत केली (१९६४). तीत सुमारे तीनचतुर्थांश विद्यार्थ्यांनी कोणता ना कोणता गैरप्रकार केल्याचे मान्य केले. पुढे डोनाल्ड मॅककेब यांनी हे काम चालू ठेवले. चोरी वाईट, हे बहुतेक विद्यार्थी मान्य करतात. ती नेमकी कोठे सुरू होते, हे मात्र अनेकांना सांगता येत नाही. मिगेल रॉइग यांच्या प्रयोगात (१९९७) मूळ उताऱ्याचे वरवर बदललेले रूप बऱ्याच विद्यार्थ्यांनी निर्दोष ठरवले. लिंग, वय व विद्याशाखा यांच्या प्रभावाविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

हा वरवरचा बदल पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. मूळ वाक्य : ‘ग्रामीण भागातील पाणीटंचाईमुळे स्त्रियांच्या श्रमात मोठी वाढ झाली.’ विद्यार्थी लिहितो : ‘खेड्यांतील पाणीटंचाईमुळे महिलांच्या कष्टात बरीच वाढ झाली.’ शब्द बदलले, वाक्याचा सांगाडा तोच राहिला आणि संदर्भ गळला. आपण हे ‘स्वतःच्या शब्दांत’ लिहिले, असे त्याला मनापासून वाटते. अशा ठिगळलेखनाकडे गुन्हा म्हणून नव्हे, तर लेखन शिकण्याचा एक टप्पा म्हणून पाहावे, असे रेबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात मांडले. ॲलिस्टर पेनिकुक यांनी (१९९६) चीनमधील एका विद्यार्थ्याचे उदाहरण दिले आहे : त्याने लिंकनवर लिहिलेला मजकूर शाळेत पाठ केलेला होता. पाठांतराला मान देणाऱ्या शिक्षणपद्धतीत असे घडणे स्वाभाविक आहे. गाइडमधील उत्तर जसेच्या तसे लिहून गुण मिळवत आलेला आपला विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात येतो, तेव्हा त्याच्याकडून एकदम वेगळ्या सवयीची अपेक्षा केली जाते.

भारतात वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये विनियम लागू केले. प्रबंधाचे इतर मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. ४० टक्क्यांपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ६० टक्क्यांपर्यंत असल्यास वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. त्यापुढे नोंदणी रद्द होते. योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्य धरले जात नाही. प्रत्येक सत्रात जागृती कार्यक्रम घेण्याचे बंधनही संस्थांवर आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ योजनेतून विद्यापीठांना साम्य तपासणारी आज्ञावली पुरवली.

टक्केवारीचा परिणाम विद्यार्थ्यांच्या बोलण्यात दिसतो. ‘संदर्भ दिला का?’ यापेक्षा ‘रिपोर्ट किती आला?’ हा प्रश्न अधिक ऐकू येतो. अहवाल केवळ साम्य दाखवतो, चोरी ठरवत नाही. तो निर्णय माणसाने वाचूनच करावा लागतो. मराठी प्रबंधांबाबत ही मर्यादा अधिक जाणवते. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूर यंत्राला निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. छापील पुस्तकांची केवळ छायाप्रत असल्यास तीही सहज जुळत नाही. इंग्रजी ग्रंथातील प्रकरण मराठीत उतरवले, तर साम्य शून्याच्या जवळ येऊ शकते. अनुवादित उचलेगिरी चोरी नाही, असा समज त्यामुळे पक्का होतो. हा समज सर्वांत घातक आहे, कारण तो मोडण्यासाठी मूळ ग्रंथ वाचलेला परीक्षकच लागतो.

मर्यादा यंत्राला आहेत, तशा विनियमांनाही आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या मजकुराचा उल्लेख २०१८ च्या विनियमांत नाही.

शिवाय असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, निबंध व उत्तरपत्रिका या विनियमांच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे विद्यार्थ्याची लेखनाची सवय ज्या वर्षांत घडते, त्या वर्षांतील लेखनाला हे नियम लागूच नाहीत.