संख्यांचे अस्तित्व आणि नावांची साक्ष

संख्यांचे नियम ठरविणे हे गणिताचे काम. परंतु ‘संख्या’ हे नाव कोणास द्यावयाचे, हा प्रश्न बव्हंशी भाषेचा आहे. या नावासाठी अनेक उमेदवारांना शतकानुशतके दाराशी तिष्ठावे लागले. त्यांपैकी पहिला उमेदवार साक्षात एक हा होय. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास यूक्लिडने संख्येची व्याख्या ‘एककांचा समुदाय’ अशी केली. एकट्याचा समुदाय होत नाही. सबब एक हा संख्यांचा मूळपुरुष ठरला, पण स्वतः संख्या ठरला नाही. १५८५ मध्ये सायमन स्टेव्हिनला त्याचे वकीलपत्र घ्यावे लागले.

ग्रीक शास्त्राने अपूर्णांकांनाही संख्यांच्या पंक्तीस न बसविता गुणोत्तरांत जमा केले. मराठी भाषेने मात्र त्यांना घरातलीच नावे दिली. ‘अडीच’ हा ‘अर्धतृतीय’ या शब्दाचा वंशज. ‘औट’ म्हणजे साडेतीन. जुन्या शाळांतील मुले पावकी, दिडकी, औटकी घोकीत. ज्याचा पाढा पाठ करावा लागतो, त्याच्या अस्तित्वाविषयी विद्यार्थ्यास सहसा शंका येत नाही.

ऋण संख्यांचा खटला याहून रंजक आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये धन, ऋण व शून्य यांच्या परिकर्मांचे नियम दिले. कर्ज ही वस्तू आहे की नाही, असा वाद कोणताही ऋणको घालीत नाही. नाव येथे उपकारक झाले. तथापि भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तील एक उदाहरण पाहावे. वानरांच्या कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत गेला व एक वानर फांदीवर उरला. समीकरण ५० आणि ५ अशी दोन उत्तरे देते. पाचांचा पंचमांश एक. त्यातून तीन गेल्यास ऋण दोन उरतात. त्यांचा वर्ग चार वानर गुहेत पोहोचवितो, हिशेबही जुळतो. तरीही लोकांस अशा संख्येची प्रतीती नाही म्हणून आचार्य तो कळप नामंजूर करतात. उलट ‘लीलावती’त १०, १७ व ९ भुजांच्या त्रिकोणात एक आबाधा ऋण सहा येते, तेव्हा ती विरुद्ध दिशेस मोजावी, असे सांगून ते तिचा स्वीकार करतात. अर्थात नाकारली गेली ती ऋण संख्या नव्हे, ऋण वानर होत.

युरोपात १५४५ मध्ये कार्दानोने दहाचे असे दोन भाग शोधले की ज्यांचा गुणाकार चाळीस व्हावा. त्यासाठी उणे पंधराचे वर्गमूळ घ्यावे लागले, आणि हे सारे त्यास जितके सूक्ष्म तितकेच निरुपयोगी वाटले. १५७२ मध्ये बोंबेल्लीने अशाच वर्गमुळांच्या वाटेने जाऊन एका घन समीकरणाचे चार हे निर्विवाद उत्तर काढून दाखविले.

१६३७ मध्ये देकार्तने ऋण मुळांस ‘खोटी’ म्हटले. त्याच ओघात त्याने मुळांची ‘वास्तव’ व ‘काल्पनिक’ अशी विभागणी केली. परिणामी एखादे मूळ खोटे असूनही वास्तव असू शके! तात्पर्य, ‘वास्तव’ ही पदवी संख्यांना उपजत नव्हती. काल्पनिकांपासून वेगळे ओळखता यावे म्हणून ती मिळाली. वाद मिटले, नियम स्थिरावले, पण वादाच्या भरात पडलेली नावे मागे राहिली. या संज्ञा वस्तूंची लक्षणे नसून जुन्या खटल्यांचे निकालपत्र आहेत, हे अभ्यासकाने विसरू नये.